‘इतर हक्क’ या रकान्यात आणखी किती दिवस?

शेतकऱ्यांसाठी निघणाऱ्या पुस्तिकांच्या शेवटी बहुधा एक शब्दसूची जोडलेली असते. सातबारा म्हणजे काय, फेरफार म्हणजे काय, पैसेवारी कशासाठी काढतात, अल्पभूधारक कोणाला म्हणायचे, हे त्यात सोप्या भाषेत सांगितलेले असते. या सूच्या उपयोगी आहेत, आमच्या शिबिरांत मीही त्या वापरते. परंतु त्यांत एक शब्द मला आजवर सापडलेला नाही, तो म्हणजे ‘शेतकरी’. तो सर्वांना ठाऊकच आहे असे गृहीत धरलेले असते. माझे म्हणणे असे की सगळा घोटाळा याच शब्दात आहे, आणि बाकीचे बरेचसे शब्द तो घोटाळा टिकवण्याच्या कामी येतात.

शेतीची भाषा दोन तऱ्हांची आहे. एक कामाची, दुसरी कागदाची. यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या गावांत मी काम करते तिथली कपाशी घ्या. वखरणी, डवरणी ही बैलजोडीची कामे पुरुषांची. फवारणीचा पंप बहुतेक पुरुषाच्या पाठीवर, पण त्यासाठी पाणी वाहून आणणारी बाई. सरकी टोबणे, निंदणे आणि वेचणे ही कामे बाईची. बोंडे एकदम फुटत नाहीत, म्हणून तेच वावर तीन-चार वेळा वेचावे लागते. दिवाळीच्या आसपास सुरू झालेली वेचणी हिवाळाभर चालते. कंबरेला ओटी बांधून, वाळल्या बोंडांची टोके बोटांत घेत बाई दिवस काढते. तरीही गावात कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले: तो वावर करतो, ती वावरात जाते. त्याचे काम म्हणजे शेती, तिचे काम म्हणजे मदत.

कागदाची भाषा तर याहून पुढे जाते. खातेदार, भोगवटादार, कर्जदार, विमाधारक, लाभार्थी. या शब्दांचा व्यवहारातला अर्थ एकच आहे: ज्याचे नाव सातबाऱ्यावर तो. गाव नमुना ७ म्हणजे जमिनीवर कोणाचा अधिकार, आणि गाव नमुना १२ म्हणजे तिच्यात कोणते पीक. दोन्ही एकाच कागदावर म्हणून सातबारा. खातेदाराची गावातली एकूण जमीन दाखवणारा उतारा म्हणजे ८-अ. बँकेत पीककर्जाला जा, हे दोन उतारे मागतात. केंद्र सरकारची वर्षाला ६,००० रुपयांची किसान सन्मान योजना २०१९ पासून सुरू झाली, तिथेही भूमी अभिलेखातले नाव पाहतात. तेव्हा सातबारा म्हणजे नुसता जमिनीचा उतारा नव्हे, तो शेतकरी असल्याचा दाखला आहे. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीधारकांत स्त्रिया सुमारे १४ टक्केच भरतात.

सरकारला शेतकऱ्याची व्याख्या करता येत नाही असे कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेच्या व्याख्येत मालकीची अट नाही. स्वतःची असो, मक्त्याची असो की वाट्याने घेतलेली, त्या जमिनीत शेती करणारी व्यक्ती शेतकरी, आणि शेतीवर देखरेख ठेवणारीसुद्धा. म्हणजे धुऱ्यावर उभा राहणारा शेतकरी ठरला. धुऱ्याच्या आत वाकून निंदणारीही या व्याख्येने शेतकरीच ठरायला हवी. पण प्रगणक दारात येतो तेव्हा घरातून सांगतात, ती घरीच असते. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने तर शेतमजूर, बटाईदार, कुळे या साऱ्यांना शेतकरी म्हटले. ती व्याख्या धोरणाच्या पानावर राहिली आणि पैसे वाटले गेले ते सातबारा पाहूनच. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी खासगी विधेयक मांडले, तेही २०१३ मध्ये व्यपगत झाले.

आता सातबाऱ्यावरच्या त्या शब्दांकडे वळू, जे बाईला कागदावर आणूनही बाहेर ठेवतात. शब्दसूचीत यांचे अर्थ मिळतात, व्यवहार मिळत नाही.

‘इतर हक्क’ हा सातबाऱ्यावरचा एक रकाना. तिथे बोजा लिहितात, कुळाचा हक्क लिहितात, विहिरीतला वाटा लिहितात. आणि तिथेच वर्षानुवर्षे खातेदाराची विधवा, आई, बहिणी यांची नावे लिहिली गेली. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. विधवा, मुलगा, मुलगी, आई या सगळ्या पहिल्या वर्गाच्या वारस. तरी मुलगे भोगवटादार सदरी आणि बाया बँकेच्या बोजाशेजारी! या रकान्यातल्या बाईला खातेदार म्हणून ८-अ मिळत नाही, आणि ८-अ नाही म्हणून पीककर्ज नाही.

‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. माझ्या माहितीतल्या एका बाईचा नवरा वारला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी बारा वर्षांची होती. वारस फेरफार झाला तो एकट्या मुलाच्या नावाने, आणि त्याच्यापुढे ‘अ.पा.क. आई’. आई आणि मुलगी स्वतः वारस म्हणून गेल्या इतर हक्कात. नऊ वर्षे त्या बाईने वावर कसले, सावकाराचे पैसे काढले आणि फेडले, कारण मुलगा अज्ञान आणि ही खातेदार नाही म्हणून बँकेने दारातूनच परत पाठवले. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर अज्ञानाचा शेरा कमी झाला आणि त्याबरोबर आईचे नावही भोगवटादार सदरातून गेले. नऊ वर्षे ती कागदावर होती, पण शेतकरी म्हणून नव्हे, पोराची राखणदार म्हणून.

‘हक्कसोडपत्र’ हा शब्द तर प्रत्येक बहिणीला पाठ असतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद केले. २००५ च्या दुरुस्तीने तो हक्क देशभरातल्या सर्व हिंदू मुलींना दिला. दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. कायदा एकेक पाऊल पुढे आला तसे माहेरही हुशार झाले. आता बहिणीला भाऊबीजेला नव्हे, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बोलावतात. साडीचोळी घेऊन ती सही करते, कारण माहेरचा उंबरा तिला हवा असतो. भावाने बहिणीसाठी हक्क सोडल्याचा एकही कागद माझ्या पाहण्यात नाही.

‘खुद्द’ हाही असाच एक शब्द. जुन्या सातबाऱ्यावर पीकपाण्याच्या भागात जमीन करणाऱ्याचे नाव असा रकाना असे. तिथे बहुधा ‘खुद्द’ लिहीत. खुद्द म्हणजे खातेदार स्वतः. तो पुण्या-मुंबईला कामाला असला आणि बायको वावर कसत असली, तरी खुद्द तोच. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, पिकाची नोंद खातेदाराच्या मोबाइलवरून होऊ लागली. यंत्र नवे आले, खुद्द जुनाच राहिला.

या अर्थांची शेवटची किंमत मरणानंतर कळते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये मदत देताना २००६ पासून जमीन कोणाच्या नावे आणि कर्ज कोणाचे, हे पाहून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरू लागले. वावर कसणारी बाई विष पिऊन मेली तर तिच्या नावे जमीनही नसते आणि बँकेचे कर्जही नसते. तिची नोंद बहुधा गृहिणी अशी होते. जिवंतपणी शेतकरी नाही, मेल्यावरही नाही.

यावर मला तीन उत्तरे नेहमी ऐकायला मिळतात. पहिले, जमिनीचे तुकडे होतील. दोन भावांत जमीन विभागली की तिला वाटणी म्हणतात, बहिणीने मागितली की तिचे तुकडे होतात! शिवाय सामाईक खात्यावर नाव लागल्याने बांध पडत नाही. दुसरे, बायका जमीन विकून टाकतील. आजवर दारूपायी आणि हुंड्यापायी जी वावरे गेली त्यांचे खातेदार कोण होते? तिसरे, नाव लागले तरी कारभार पुरुषच करणार. हे पुष्कळदा खरे आहे. पण म्हणून पुरुषांनी आपले नाव सोडल्याचे ऐकिवात नाही. नावाचा काही उपयोग नसता, तर ते लावायला एवढा विरोध झाला नसता.

आपल्या आधी हा प्रश्न कोणी उचललाच नाही असे नव्हे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनाला बाया हजारोंनी जमल्या. त्यातून पुढे लक्ष्मी मुक्ती आली, नवऱ्याने बायकोच्या नावे जमीन करावी म्हणून. १९९२ च्या शासन परिपत्रकाने पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. या कामाचे मोल मोठे आहे. पण अर्ज नवऱ्याने करायचा! ज्या परित्यक्तेला नवऱ्याने टाकले तिच्यासाठी तो अर्ज करणार आहे का? दुसऱ्याच्या मर्जीने जे मिळते त्याला दान म्हणतात, हक्क म्हणत नाहीत.

आणि स्वयंसेवी संस्थांचे काय? बायकांसाठी शिबिर असले की परसबाग, गांडूळखत, लोणची. पुरुषांसाठी असले की पीककर्ज, विमा, बाजारभाव. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले. सत्कार, शाली, फलक यांना त्यामुळे तोटा नाही. आपण मात्र काही साध्या मागण्यांवर अडून बसले पाहिजे. वारस फेरफारात विधवा आणि मुलींची नावे भोगवटादार सदरीच लागली पाहिजेत. इतर हक्कात पडलेल्या स्त्री वारसांच्या नोंदी महसूल खात्याने गावोगाव स्वतःहून शोधून दुरुस्त केल्या पाहिजेत. हक्कसोडपत्राआधी अधिकाऱ्याने बहिणीला भावाच्या गैरहजेरीत विचारले पाहिजे. पीक पाहणीत प्रत्यक्ष कसणारीचे नाव आले पाहिजे. पत्नीचे नाव लावण्यासाठी पत्नीचा अर्ज पुरेसा मानला पाहिजे.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा कोणालाही पाहता येतो. येत्या बैठकीला प्रत्येकीने सासरचा आणि माहेरचा, असे दोन्ही सातबारे आणावेत. आपले नाव कुठल्या रकान्यात आहे ते पाहावे, नसेल तर शेवटचा फेरफार क्रमांक पाहून त्याची नक्कल मागावी. निंदणे, टोबणे, वेचणे हे शब्द आपल्याला कोणी शिकवायला नकोत. भोगवटादार, फेरफार, ८-अ हे शब्दही तितकेच तोंडात बसले पाहिजेत. तलाठ्याच्या टेबलाशी, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, एकेकीने जाऊ नका, दहा जणी मिळून जा.