खर्ज, पेटी आणि वॅट : बेस गिटारसाठी लहान कॉम्बो निवडताना इतिहास काय सांगतो

१/ बेस गिटार नव्याने हाती घेतलेला तरुण ॲम्प्लिफायरच्या दुकानात शिरला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती वॅटचा आहे?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण बेस ॲम्प्लिफायरचा सत्तरहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला, तर एकट्या वॅटच्या आकड्याने फारच थोडे ठरवलेले दिसते. पेटी कशी होती, स्पीकर कसा होता आणि वादक कुठे वाजवणार होता, यांवरच यशापयश ठरत गेले. हा धागा त्या इतिहासाविषयी, आणि त्यातून निघणाऱ्या निवडीविषयी.

२/ प्रथम संज्ञा. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत बसवलेले असले, तर त्या पेटीला कॉम्बो म्हणतात. दोन्ही वेगळे असले, तर ॲम्प्लिफायरच्या भागाला हेड आणि स्पीकरच्या पेटीला कॅबिनेट. घरी सरावाला किंवा छोट्या मैफलीला वादक स्वतः उचलून नेऊ शकेल, असा कॉम्बो येथे 'लहान' मानला आहे.

३/ मूळ अडचण खर्जाची आहे. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, की सुमारे ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. हवेतील त्याच्या एका लहरीची लांबी सुमारे ८.३ मीटर भरते. असा स्वर ऐकू येण्याजोगा करायचा, तर पुष्कळ हवा हलवावी लागते. त्यातच मानवी कान खर्जाच्या बाबतीत मंद आहे. बेल लॅब्जमधील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजमापांसह दाखवले, की खालचे स्वर मधल्या स्वरांइतकेच मोठे वाटण्यासाठी कितीतरी अधिक ध्वनिदाब लागतो.

४/ ही अडचण विजेच्या बेस गिटारच्याही आधीची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नृत्यवृंदांत आणि जॅझमध्ये उभा डबल बेस असे. ड्रम आणि पितळी वाद्यांच्या गजरात तो बुडून जाई. अमेरिकेतील एव्हरेट हल हा स्वतः बेसवादक होता. डबल बेस ज्या खुंटीवर जमिनीला टेकतो, त्या खुंटीतच त्याने ध्वनिग्राहक बसवला. या 'अँप्लिफाइड पेग'वरूनच 'अँपेग' हे नाव रूढ झाले. आपल्याच वाद्याचा आवाज ऐकू यावा, या वादकाच्या साध्या गरजेतून या कंपनीचा जन्म झाला.

५/ १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला. पडद्या असलेला, गिटारसारखा आडवा धरायचा हा बेस भरीव लाकडाचा होता. डबल बेसची पोकळ पेटी निदान काही नैसर्गिक आवाज देई. येथे तोही नव्हता. म्हणजे या वाद्याला ॲम्प्लिफायर हा जोडीदार हवाच होता. १९५२ मध्ये फेंडरने बेसमॅन हा कॉम्बो दिला. त्यात १५ इंची एकच स्पीकर होता.

६/ पुढे याच बेसमॅनची दिशा बदलली. १९५० च्या दशकाच्या मध्यास त्यात १० इंची चार स्पीकर आले, शक्ती वाढली, आणि पेटीची मागची बाजू उघडी राहिली. कागदावर ही प्रगतीच होती. पण उघड्या पेटीत स्पीकरच्या पुढचे आणि मागचे कंपन खालच्या स्वरांत एकमेकांना मारते आणि खर्ज पातळ होतो. बेससाठी घडवलेला हा ॲम्प गिटारवादकांनी मात्र उचलून धरला. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६० च्या दशकाच्या आरंभी घडलेला पहिला मार्शल ॲम्पही याच बेसमॅनच्या मंडलावर आधारलेला होता.

७/ या प्रसंगाकडे गंमत म्हणून पाहिले जाते. त्यातील धडा मात्र दुर्लक्षित राहतो. अधिक वॅट आणि अधिक स्पीकर असूनही हा बेस ॲम्प बेसलाच कमी पडला, कारण पेटी त्या कामाची नव्हती. १९६१ मध्ये फेंडरनेच बेसमॅनचे हेड आणि बंद पाठीचे कॅबिनेट वेगळे केले.

८/ दुसऱ्या बाजूला अँपेगमध्ये जेस ऑलिव्हरने १९६० मध्ये बी-१५ पोर्टाफ्लेक्स सिद्ध केला. १५ इंची एक स्पीकर आणि विचारपूर्वक आखलेली बंदिस्त पेटी. ॲम्प्लिफायर झाकणावर बसवलेला. वाजवताना तो वर येई आणि प्रवासात झाकण उलटवले की ट्यूबसह पेटीत सुरक्षित बसे. शक्ती अवघी २५ ते ३० वॅट. तरीही जगभरच्या स्टुडिओंनी त्याला अनेक दशके आपलेसे केले. तबल्याचा डग्गा डोळ्यांसमोर आणला, की कारण उमगते : घुमारा केवळ हाताच्या जोरातून येत नाही, भांड्याचा आकार आणि आत कोंडलेली हवा यांचाही त्यात वाटा असतो.

९/ यावर एक रास्त आक्षेप आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रॉक संगीत मोठ्या मैदानांत गेले, तेव्हा ३० वॅट कोठे पुरणार? खरेच पुरले नाहीत. १९६९ मध्ये अँपेगने ३०० वॅटचा एसव्हीटी आणला आणि त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या अमेरिकन दौऱ्यात तो वाजला. परंतु एसव्हीटी हे विशिष्ट जागेच्या गरजेला दिलेले उत्तर होते. पुढे सार्वजनिक ध्वनिव्यवस्था सुधारली आणि श्रोत्यांपर्यंत बेस पोहोचवण्याचे काम बव्हंशी तिच्याकडे गेले. कलावंतांमागे उभी राहिलेली कॅबिनेटची भिंत छायाचित्रांत मात्र टिकली आणि 'मोठा म्हणजे खरा' हा समज तिने रुजवला.

१०/ ध्वनिमुद्रणाचा इतिहास तर या समजाला छेदच देतो. डेट्रॉईटच्या मोटाऊन स्टुडिओत जेम्स जेमरसनचा बेस बहुतांशी ॲम्पला वळसा घालून थेट ध्वनिमुद्रण यंत्रणेत जाई. लोकप्रिय संगीतातील सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या बेस-ओळींपैकी अनेक अशा रीतीने नोंदल्या गेल्या.

११/ मग लहान कॉम्बोला मर्यादा नाही का? आहे, आणि ती कठोर आहे. 'हॉफमनचा लोहनियम' या नावाने ती ओळखली जाते. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी शक्तीत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घेतल्या की तिसरी सोडावी लागते. ट्रान्झिस्टर, निओडायमियम चुंबक आणि क्लास-डी मंडले यांनी ॲम्पचे वजन कमालीचे घटवले. हवा हलवण्याचा नियम मात्र कोणालाही बदलता आला नाही.

१२/ लहान कॉम्बो उपयोगी ठरतो तो श्रवणशक्तीच्या एका गुणामुळे. ४१ हर्ट्झचा मूळ स्वर क्षीण असला, तरी ८२ आणि १२३ हर्ट्झचे त्याचे उपस्वर स्पष्ट ऐकू आले, तर मेंदू मूळ स्वर ओळखतो. म्हणून लहान कॉम्बोत पोटात जाणवणारा हादरा शोधणे व्यर्थ. स्वर स्पष्ट कळतो का, हे पाहावे.

१३/ वॅटचे गणितही ध्यानात घ्यावे. शक्ती दुप्पट केली, तर ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. ५० वॅटऐवजी १०० वॅट घेणारा दुप्पट आवाज विकत घेत नाही. ३ डेसिबलने अधिक संवेदनशील स्पीकर तेवढाच लाभ देतो.

१४/ यातून निवडीचा क्रम असा निघतो. केवळ घरी, सदनिकेत सराव असेल, तर ८ किंवा १० इंची स्पीकरचा १५ ते ३० वॅटचा कॉम्बो आणि हेडफोनची सोय पुरेशी आहे. शेजाऱ्यांशी सलोखा हीही गरजच. ड्रमवादकासोबत तालीम असेल, तर मात्र असा ॲम्प तोकडा पडतो. तेथे १२ किंवा १५ इंची स्पीकर आणि १०० वॅट वा अधिक शक्ती हवी, कारण खर्ज न फाटता वाजण्यासाठी राखीव बळ लागते. रंगमंचावर वाजवायचे असेल, तर ध्वनिव्यवस्थेला जोडण्यासाठी थेट आउटपुट अनिवार्य. ते असले, तर कॉम्बोने वादकापुरते ऐकवले तरी चालते.

१५/ दुकानात परीक्षाही याच क्रमाने घ्यावी. स्वतःचा बेस सोबत न्यावा. टोनची सर्व बटणे मध्यावर ठेवावीत. जाड तार मोकळी छेडून आवाज हळूहळू वाढवावा आणि पेटी कोठे खडखडू लागते ते ऐकावे. मग तीन-चार पावले मागे सरावे, कारण ॲम्पला चिकटून उभे राहणाऱ्याला त्याचा खरा आवाज कळत नाही. शेवटी तो उचलून पाहावा. जिना चढवण्याचा कंटाळा येणारा ॲम्प तालमीला जात नाही.

१६/ तंत्रज्ञानाचा इतिहास लहानाकडून मोठ्याकडे जाणारी सरळ चढण म्हणून सांगितला जातो. बेस ॲम्पचा इतिहास तसा नाही. मोठा बेसमॅन आपल्या नेमून दिलेल्या कामात उणा पडला, ३० वॅटचा बी-१५ टिकला आणि ३०० वॅटचा एसव्हीटी आपल्या जागी योग्यच ठरला. प्रत्येकाचे मोल त्याच्या खोलीने ठरवले. जुन्या नावांच्या वलयासाठी किंवा मोठ्या आकड्यासाठी तुटपुंज्या बचतीतून जादा पैसे मोजणारा तरुण वादक इतिहासाचा मान राखतो असे म्हणता येत नाही. आपली खोली, आपले सहवादक आणि आपला खांदा यांचा विचार करून लहान कॉम्बो निवडणारा वादक हल आणि ऑलिव्हर यांच्या परंपरेशी अधिक प्रामाणिक राहतो.

(धागा समाप्त)