विश्लेषण : गाजलेली चार गाणी ऐकून ‘रॅडविम्प्स’ कळतो का?

म्युझिक अ‍ॅपवर ‘रॅडविम्प्स’ हे नाव शोधले, की ‘झेनझेनझेन्से’, ‘स्पार्कल’, ‘नानदेमोनाइया’, ‘सुझुमे’ हीच गाणी आधी समोर येतात. चारही माकोतो शिंकाई यांच्या अ‍ॅनिमे चित्रपटांतली. भारतातल्या बहुतेक श्रोत्यांना हा जपानी रॉक बँड एवढाच ठाऊक आहे. गाणी उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण तिथेच थांबलात तर या बँडने केलेले सर्वात मोलाचे काम तुमच्या कानावर पडणारच नाही.

बँड नेमका कोणता?

टोकियोशेजारच्या कानागावा प्रांतातल्या शाळकरी मुलांनी २००१ मध्ये तो सुरू केला. ‘रॅड’ म्हणजे भन्नाट आणि ‘विम्प’ म्हणजे भित्रट, अशी दोन टोके जोडून नाव ठेवले. गायक आणि गीतकार योजिरो नोडा. मोठ्या कंपनीकडून २००५ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या गाण्याचे शीर्षक होते ‘पंचविसावे गुणसूत्र’. प्रेमगीताला असे नाव देणारा माणूस एका साच्यात बसणार नाही, हे तेव्हाच दिसले होते.

एकाच बँडचे इतके आवाज?

२००६ च्या ‘मी मी शी’मध्ये प्रेमभंगानंतरची हळवी कबुली आहे. शीर्षकात इंग्रजी शब्द दिसतात, पण ऐकायला तो ‘रडवा, बायकी’ अशा अर्थाचा जपानी शब्द वाटतो. तीन वर्षांनी आलेले ‘ओशाकाशामा’ ऐकले तर हाच बँड का, असा प्रश्न पडावा. गिटार फंकच्या अंगाने उसळते, नोडा रॅप करावा तसे शब्दांवर शब्द फेकतात आणि इतर जिवांवर मालकी गाजवणाऱ्या माणसालाच धारेवर धरतात. ‘ओशाकासामा’ म्हणजे शाक्यमुनी गौतम बुद्ध. त्याच नावाचा हा बोबडा उच्चार. २०१८ च्या ‘अँटी अँटी जनरेशन’ अल्बममध्ये हिप-हॉप आणखी पुढे येते. २०२५ मध्ये तर एनएचकेच्या ‘आनपान’ या सकाळच्या कौटुंबिक मालिकेला त्यांनी ‘तामामोनो’ हे वेगवान शीर्षकगीत दिले. न्याहारीच्या वेळी असे गाणे अनेकांना रुचले नाही. मला ते आवडले.

प्रत्येक वळण योग्यच होते असे नाही. २०१८ च्या ‘हिनोमारू’ या देशभक्तिपर गाण्यातली भाषा युद्धकाळाची आठवण करून देते, अशी टीका झाली आणि नोडा यांना माफी मागावी लागली. ती टीका मला अनाठायी वाटत नाही.

चित्रपटांमुळे बँड ‘फिल्मी’ झाला?

जुन्या चाहत्यांची अशी तक्रार असते. ती पटत नाही. २०१६ च्या ‘युअर नेम’साठी नोडा आणि शिंकाई सुमारे दीड वर्ष देवाणघेवाण करत होते. गाण्याचा कच्चा आराखडा जाई, त्यावरून प्रसंगाची लांबी बदले, मग पुन्हा गाणे बदले. ‘गाणे आधी, चित्रीकरण नंतर’ ही रीत आपल्याला नवी नाही. जपानी अ‍ॅनिमेत मात्र गाण्याला असा मान सहसा मिळत नाही. ‘झेनझेनझेन्से’ म्हणजे ‘मागच्या मागच्या मागच्या जन्मी’. सात जन्मांच्या शपथा ऐकत वाढलेल्या आपल्याला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या चित्रपटासाठी बँडला जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट संगीताचा पुरस्कार मिळाला. पुढचा चित्रपट ‘वेदरिंग विथ यू’ भारतीय चाहत्यांनी ऑनलाइन मोहीम चालवल्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये इथल्या चित्रपटगृहांत लागला. त्यातल्या ‘ग्रँड एस्केप’ची गायिका तोको मिउरा म्हणजे पुढे ‘ड्राइव्ह माय कार’मध्ये गाडी चालवणारी तरुणी.

यादीत न दिसणारी गाणी कोणती?

११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली. १८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. पुढच्या वर्षी त्याच तारखेला ‘रॅडविम्प्स’ने ‘हाकुजित्सु’ हे गाणे यूट्यूबवर टाकले. मग जवळपास दर ११ मार्चला एक गाणे येत राहिले. पहिल्या वर्षी शोकगीते सगळेच लिहितात. सहाव्या-सातव्या वर्षी, बातम्यांतून विषय गेल्यावरही, लिहिणारे थोडे. २०२१ मध्ये दहा वर्षांची दहा गाणी एका अल्बममध्ये आली. ती संथ आहेत, त्यांत नाचायला काही नाही, रील्सवर ती चालणार नाहीत. लोकप्रियतेच्या यादीत ती वर येत नाहीत, यात नवल नाही.

पण २०२२ चा ‘सुझुमे’ आठवा. त्यातल्या मुलीची आई याच त्सुनामीत गेलेली आहे. या चित्रपटाच्या संगीतामागे फक्त नेमून दिलेले काम नाही, त्या दिवसाकडे दहा वर्षे परत परत वळून पाहणे आहे. तरुण गायिका तोआका हिच्या आवाजातले ‘सुझुमे’ म्हणूनच इतके आत शिरते, असे मला वाटते.

ड्रमवादक सातोशी यामागुची यांना २०१५ मध्ये मज्जासंस्थेच्या विकारामुळे थांबावे लागले, गिटारवादक आकिरा कुवाहारा २०२४ मध्ये बाहेर पडले. आता नोडा आणि बासवादक युसुके ताकेदा दोघेच उरले आहेत. आज ‘सुझुमे’ ऐकून झाले, की अ‍ॅपला पुढचे गाणे निवडू देऊ नका. ‘हाकुजित्सु’ स्वतः शोधून लावा.