पाणघोरपडीचा जमाखर्च

हल्ली मुलांच्या मोबाईलवर एक प्रकारची चित्रफीत वारंवार दिसते. अमेरिकेतला एखादा तरुण पाच-सहा फूट लांबीच्या घोरपडीला पट्टा बांधून अंगणात फिरवतो, न्हाणीघरातल्या टबात पोहायला सोडतो, सोफ्यावर शेजारी घेऊन बसतो. मुले ते पाहून विचारतात, "आपल्यालाही अशी पाळता येईल का?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. मुलांना जनावराची ओढ वाटते ही चांगलीच गोष्ट आहे. पण ओढ वाटणे वेगळे आणि सांभाळणे वेगळे. आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, कारकुनी पेशाचे. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर जमाखर्च मांडूनच द्यावे, असे आम्ही ठरविले आहे.

प्रथम हे जनावर कोणते ते पाहू. आपल्या माळावर, शेताच्या बांधावर दिसणारी घोरपड ती ही नव्हे. ही पाणघोरपड. शास्त्रज्ञ तिला व्हॅरानस साल्व्हेटर म्हणतात. श्रीलंका, सुंदरबन, ओडिशातील भितरकनिका, ईशान्य भारत, अंदमान-निकोबार आणि तिथून पुढे थायलंड, मलेशिया, इंडोनेशियापर्यंत नदी, खाडी, दलदल यांच्या काठाने ती राहते. महाराष्ट्रात ती नाही. सरडा-पालींच्या कुळात कोमोडो ड्रॅगनच्या खालोखाल मोठ्या जनावरांत तिची गणना होते. पाच-सहा फूट लांबी ही नेहमीची. श्रीलंकेत तीन मीटरहून लांब पाणघोरपडीची नोंद झालेली आहे. तिची शेपटी दोन्ही बाजूंनी चपटी असते, तिचाच वल्ह्यासारखा उपयोग करून ती पोहते. मासे, खेकडे, बेडूक, उंदीर, अंडी आणि मेलेली जनावरेही ती खाते. म्हणजे काठ स्वच्छ ठेवणारी ती सफाईदारच म्हणायची.

कायद्याचे उत्तर एका शब्दात सांगता येते : नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आपल्या देशातील घोरपडी आहेत, पाणघोरपडही आहे. ती पकडणे, मारणे, विकणे, घरी ठेवणे गुन्हा आहे. तीन ते सात वर्षे कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर निदान पंचवीस हजार रुपये दंड, अशी शिक्षा आहे. पण "कायदा नाही म्हणतो" एवढ्याने मुलांचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. काही देशांत परवानगी आहे, तिथे लोक पाळतात. मग तिथे तरी ते पाळणे म्हणजे काय, याचा हिशेब पाहू.

अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू जेमतेम फूटभर असते. काळ्या अंगावर पिवळ्या ठिपक्यांच्या ओळी, लखलखीत डोळे. काचेच्या पेटीत मावते. विक्री होते ती या पिल्लाची. पण खाणे-पिणे नीट मिळाले तर दोनेक वर्षांत ते चार-पाच फुटांचे होते. नर तर पंधरा-वीस किलोंपर्यंत जातो. मग त्याला जागा किती लागते? जाणकार सांगतात की सहा फुटी जनावराला निदान बारा फूट लांब, सहा फूट रुंद पिंजरा हवा, उंचीही माणूस आत उभा राहील इतकी हवी. म्हणजे बहात्तर चौरस फूट झाले. मुंबईतील बीडीडी चाळीची जुनी खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत संसार, अभ्यास, आजारपण सारे काढलेले आपले लोक आहेत. तिच्यातला जवळजवळ अर्धा भाग एका जनावराला लागेल. आणि त्या पिंजऱ्यात खाली दोन फूट माती हवी, कारण पाणघोरपडीला उकरायचे असते. मादीला अंडी घालायला खोल, ओलसर, उबदार माती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून ती मरूही शकते. नर नसला तरी मादीला अंडी होऊ शकतात, म्हणून एकटीच पाळली तरी ही माती चुकत नाही.

दुसरी बाब उबेची. आपले शरीर अन्न जाळून स्वतःची ऊब तयार करते, घोरपडीचे तसे नाही. ती उन्हात पडून अंग तापवते, तेव्हाच तिला अन्न पचते. अंग थंड राहिले तर पोटातले अन्न कुजते. म्हणून पिंजऱ्यात एका ठिकाणी दिव्याखालचा दगड किंवा ओंडका पन्नास अंशांच्या वर तापलेला लागतो आणि दुसरे टोक सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर ठेवावे लागते, म्हणजे तिला हवे तेव्हा तापता येते, हवे तेव्हा निवता येते. हवेत सत्तर टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो. तो नसेल तर कात नीट निघत नाही. बोटांवर, शेपटीच्या टोकावर तिची कडी आवळून रक्त थांबते आणि बोटे झडतात. दिव्यांचा हिशेब करू. शंभर वॅटचे चार दिवे बारा तास लावले तर दिवसाला पावणेपाच युनिटच्या वर वीज जाते, महिन्याला १४४ युनिट. हाडांसाठी अतिनील किरणांचा दिवा लागतो, तो आणखी वेगळा.

तिसरी बाब पाण्याची, आणि सर्वात मोठी हीच आहे. बादली किंवा टब ठेवून भागत नाही. सगळे अंग बुडेल, वळता येईल, पोहता येईल असे टाके हवे. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल, एवढे साधे टाके धरले तरी त्यात दीड हजार लिटर पाणी मावते. हे पाणी सव्वीस-सत्तावीस अंश कोमट ठेवायचे. आणि पाणघोरपडीची खोड अशी की ती विष्ठा पाण्यातच करते. दिवस-दोन दिवसांत पाणी घाण होते. गाळणी यंत्र बसविले तरी एकट्या यंत्राने निभावत नाही. तळाला मोरी काढून टाके पुन्हा पुन्हा उपसावे, घासावे लागते. आठवड्यातून दोनदा म्हटले तरी तीन हजार लिटर, वर्षाला एक लाख छप्पन्न हजार लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातील माणसाला दिवसाला ५५ लिटर पाण्याचे मोजमाप धरले आहे. म्हणजे एक टाके एकदा भरायला सत्तावीस माणसांचे दिवसाचे पाणी! आपल्या कितीतरी वस्त्यांत आजही आया-बहिणी टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आणि ते टाके घासते कोण? चित्रफितीत मालक दिसतो, जनावर दिसते, निळेशार पाणी दिसते. ते पाणी निळे ठेवणारा हात दिसत नाही. दुसऱ्याची घाण उपसण्याचे काम कुणाच्या वाट्याला येते, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. म्हणून आमचे मुलांना सांगणे असे, की कोणतेही जनावर पाळायचे तर त्याची घाण आपल्या हाताने काढायची तयारी हवी. आई काढील, नोकर काढील, असे मनात असेल तर पाळूच नये.

चौथी बाब अन्नाची. बाजारातून मटणाचे तुकडे आणून टाकले की झाले, असे नाही. नुसत्या मांसात चुना नसतो. त्यामुळे हाडे मऊ पडतात, पाय वाकतात, जबडा सुजतो. अख्खा उंदीर, अख्खा मासा, कवचासकट खेकडा असे दिले तर हाडा-आतड्यांसह सर्व पोषण मिळते. सतत गोठवलेले मासेच दिले तर काही जातींच्या माशांतील द्रव्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि जनावराला झटके येऊ लागतात. उलट, ती मागते म्हणून रोज खायला घातले तर चरबी वाढते, यकृत बिघडते. पिल्लाला वरचेवर, मोठ्या जनावराला आठवड्यातून दोन-तीनदाच, असे माप राखावे लागते. लाडाने जनावरे मरतात, ती अशी.

पाचवी बाब जोखमीची. तिचे दात मागे वळलेले व धारदार असतात, नखे कातडे फाडतात, शेपटीचा फटका चाबकासारखा बसतो. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर व विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध यांना त्यांचा धोका अधिक. टाक्याचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतणे म्हणजे घरभर आजार नेणे. असे असले तरी ती मूर्ख किंवा दुष्ट नाही. ती माणूस ओळखते, शिकते. प्राणिसंग्रहालयांत काठीच्या टोकावरील रंगीत चेंडूमागे चालायला मोठ्या घोरपडींना शिकवितात, म्हणजे पकडापकडी न करता त्यांना तपासता येते. पण हा विश्वास मिळवायला महिने लागतात आणि तो एका धसमुसळेपणाने जातो.

आता बेरीज करू. ही पंधरा-वीस वर्षे जगते. तेरा वर्षांच्या मुलाने पिल्लू आणले तर तो तेहतीस वर्षांचा होईपर्यंत हा खर्च चालणार. दरम्यान शिक्षण, नोकरी, बदली, लग्न. घर बदलताना जनावर कुठे नेणार? ज्यांनी हा विचार केला नाही त्यांनी काय केले, ते अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात पाहावे. तिथे आफ्रिकेतील नाईल घोरपड, हीही पाण्याकाठची मोठी जात, हौसेने आणली गेली. आवरेना तशी ती सोडून दिली गेली, काही निसटल्या. केप कोरल शहराच्या कालव्यांत १९९० च्या सुमारापासून त्या वसल्या आहेत आणि जमिनीत बीळ करून राहणाऱ्या घुबडांना व इतर पक्ष्यांना त्यांचा धोका आहे. अखेर २०२१ साली त्या राज्याने नाईल घोरपड आणि हिरवा इग्वाना यांना बंदीच्या यादीत घातले. चूक माणसाची, पण पकडून मारली जातात ती जनावरे.

हा हिरवा इग्वाना आपल्या शहरांतही विकला जातो, म्हणून दोन शब्द. तो मध्य व दक्षिण अमेरिकेचा. नदीकाठच्या झाडावर बसतो आणि भ्याला की पाण्यात उडी घेतो. तोही पाच फुटांपर्यंत वाढतो, मात्र तो पाला खाणारा आहे. त्याला अंडी-मांस चारल्यास मूत्रपिंडे बिघडतात. दुकानदार सांगतो, "परदेशी आहे, कायदा लागत नाही." हे खरे नाही. २०२२ च्या दुरुस्तीने असे प्राणी चौथ्या अनुसूचीत आले आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे बाळगणाऱ्याने त्यांची सरकारकडे नोंदणी करणे, जन्म-मृत्यू व हस्तांतर कळविणे बंधनकारक झाले. कागद नसलेले जनावर घेऊ नये.

घोरपडीच्या नावाने चालणारा आणखी एक धंदा आहे. सांधेदुखीवर तेल, ताकदीसाठी मांस आणि भरभराटीसाठी 'हत्था जोडी'. ही हत्था जोडी झाडाची मुळी म्हणून विकतात. प्रत्यक्षात ती नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय असल्याचे तपासण्यांत उघड झाले आहे. देव्हाऱ्यात ते ठेवून कुणाची भरभराट होणार? भरभराट दलालाची होते आणि पिशवीसह सापडलेला गरीब माणूस जामिनासाठी दारोदार फिरतो.

मग मुलांच्या ओढीचे काय? ती मारू नका, तिला वाट द्या. चेन्नईजवळ महाबलीपुरमच्या वाटेवर मद्रास क्रोकोडाईल बँक आहे, १९७६ साली रोम्युलस व्हिटेकर यांनी सुरू केलेली. तिथे पाणघोरपडींची पैदास झाली आणि त्यांच्या अंड्यांची, वाढीची निरीक्षणे १९९० साली प्रसिद्ध झाली. तिथे जाऊन पाहा. घरात घोरपड शिरली तर काठी उचलू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकाला कळवा. आणि ज्या मुला-मुलीला खरेच जनावरांची सेवा करायची आहे त्यांनी पशुवैद्यक व्हावे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत, त्यात परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही आले, बारावीनंतर नीट परीक्षेद्वारे पदवीला प्रवेश मिळतो. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे.

करुणा म्हणजे नुसता कळवळा नव्हे. तिला जागा लागते, पाणी लागते, वेळ लागतो. हे तिन्ही देता येत असेल आणि कायदा परवानगी देत असेल, तरच जनावर घरी आणावे. तोवर नदीकाठची घोरपड नदीकाठीच बरी, आणि आपण तिला लांबूनच पाहावे.