जुनी बोट घेताय? आधी तिच्यात पाणी भरा

चरोद्याहून तांदुळा किंवा गंगरेल धरणावर एका दिवसात जाऊन येता येतं. काठावर गळ टाकून कंटाळलात, की जुनी ॲल्युमिनियमची बोट घ्यावीशी वाटते. हलकी, गंजत नाही, खरंय. पण नव्या रंगाला भुलू नका, रंगाखाली भेगा लपतात.

बोट लाकडी ओंडक्यांवर ठेवून आत वीतभर पाणी भरा आणि अर्धा तास खालून बघत राहा. जिथे थेंब येईल तिथे खडूने खूण करा. दोन-चार रिव्हेट गळत असतील तर कारागीर ठोकून देईल. पत्राच चिरला असेल, तर हात जोडून परत या. मागच्या बाजूला इंजिन बसवायची फळी असते. ती आतून कुजते आणि वरून कळत नाही. इंजिन धरून वर-खाली हलवा, फळी लवली तर समजा गेली. बाकड्यांखालच्या फोमने पाणी प्यायलं असेल, तर बोट उगाच जड लागते.

परदेशात अशा बोटीतून बदकंही मारतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा तो बेत सोडा. मासेमारीचा ठेका एखाद्या समितीकडे असेल तर तिची परवानगी घ्या. घरातल्या प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट हवंच, पोहता येणाऱ्यालाही.

छत्तीसगडमध्ये १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. मला विचाराल तर सौदा तेव्हाच करा. बोट दारात नुसती पडून असते, घासाघीस चांगली जमते.