वालचंदांच्या गावातील मालमोटार
१८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी स्थापिलेल्या, आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व फार्गो मालमोटारी रस्त्यावर आणणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे एखादे जुने वाहन सोलापूरच्याच कोरड्या हवेत पुनश्च चालते करणे, हा उद्योग केवळ छंद म्हणून मोजणे मला अन्यायाचे वाटते. बॉनेट उघडून पाहावे तो मूळच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी कित्येकदा पर्किन्सचे डिझेल इंजिन बसविलेले, किंगपिनमधील ग्रीस वाळून गेलेले, ब्रेकच्या व्हील सिलिंडरांतील रबर फुगलेले. आणि आयता सुटा भाग बाजारात मिळेनासा झाला, म्हणजे पितळी बुश लेथवर हव्या त्या मापाचा कातून देणारा कारागीर शोधावा लागतो, ज्याचा ठावठिकाणा दर्दी मंडळी एकमेकांस अगत्याने कळवितात, कारण तो बुश नेमका बसल्यावाचून स्टीअरिंगचा ढिलेपणा जात नाही. परंतु पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२१ साली जे नियम अमलात आणले, त्यांत खासगी वापराच्या दुचाकी व प्रवासी मोटारी तेवढ्या दाखल झाल्या. ज्या मालमोटारींनी सुताचे गठ्ठे वाहिले, त्यांनाही सरकारी दप्तरात तोच दर्जा विनाविलंब मिळाला पाहिजे.