छत्री घेऊन गेलेला उपग्रह

बुटांच्या खोक्याएवढा उपग्रह आणि त्याच्या पोटात घडी घातलेली छत्री! ‘नासा’च्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचा ‘रेनक्यूब’ जुलै २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून सोडला गेला. छत्री म्हणजे त्याच्या रडारचा अँटेना. अंतराळात उघडल्यावर अर्धा मीटर रुंद. ऑगस्टमध्ये त्याने मेक्सिकोतल्या डोंगरांवरचं वादळ टिपलं आणि एवढ्याशा खोक्यातूनही पाऊस पाहता येतो, हे सिद्ध झालं.

यात विशेष काय? बातम्यांमध्ये दिसणाऱ्या उपग्रहचित्रांत बहुतेक वेळा ढगांचा माथाच दिसतो. रडारच्या लहरी मात्र ढगात शिरतात, थेंबांवर आपटून परततात आणि कोणत्या उंचीवर किती पाऊस आहे, ते सांगतात. जमिनीवरचं रडारही हेच करतं. पण भर समुद्रात ते उभं कुठे करणार?

‘मग मोठे उपग्रह आहेत की!’ आहेत ना. ‘जीपीएम’ २०१४ पासून वर आहे, वजन सुमारे ३,८५० किलो. त्याचं रडार रुंद पट्टा बघतं. रेनक्यूबला फक्त थेट खालची बारीक रेघ दिसायची. म्हणजे छोट्याने मोठ्याला हरवलं, असं अजिबात नाही. अडचण वेळेची आहे. एकटा मोठा उपग्रह पुढे गेला की लगेच परत येत नाही आणि वादळ काही मिनिटांत रूप बदलतं. छोटे उपग्रह स्वस्त, म्हणून ओळीने पाठवता येतात. नासाच्या ‘इन्कस’ मोहिमेची कल्पना हीच आहे: तीन छोटे उपग्रह, एकामागोमाग, मध्ये जेमतेम मिनिट-दोन मिनिटांचं अंतर.

आता खरा प्रश्न. २०२३ मध्ये ‘टुमॉरो डॉट आयओ’ या अमेरिकी कंपनीने स्वतःचे दोन रडार उपग्रह पाठवले. हवामानाची माहिती विकणं हा तिचा व्यवसायच आहे. जीपीएमचा डेटा मात्र कॉलेजचा प्रोजेक्ट करणारा कुणीही फुकट डाउनलोड करू शकतो. उपग्रह स्वस्त झाला म्हणून माहिती स्वस्त होईलच, असं नाही. विमान कंपनी पैसे मोजेल. होडी घेऊन निघालेला मच्छीमार कुठून मोजणार?

म्हणून सरकारांनी असा डेटा विकत घेताना एक अट घालायला हवी: जिवाशी संबंध असलेली माहिती सगळ्यांसाठी खुली राहील. ही अट आत्ताच घालणं सोपं आहे. आकाशात अजून फार गर्दी झालेली नाही.