चौलचे पाणी, मालवणचे प्रवाळ

कोकण किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंग कुठे आणि कधी करावे, हे पाणी किती नितळ आहे यावर ठरते. चौल-रेवदंड्याजवळ कुंडलिका नदी खाडीवाटे समुद्राला मिळते. तिचा गाळ आणि उत्तर कोकणातल्या मोठ्या भरती-ओहोटीचा जोर यांमुळे किनाऱ्यालगतचे पाणी बहुतेक काळ गढूळ राहते. प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि प्रवाळ बव्हंशी त्यावरच जगतो. गढूळ पाण्यात हा प्रकाश अडला की प्रवाळाची वाढ खुंटते. दक्षिणेकडे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडकाळ तळ आणि प्रवाळ आढळतात. तिथले सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. विजयदुर्गापासून सुमारे १०० किलोमीटर आत खोल समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळी उंचवटा आहे. त्याचा माथाच सुमारे २० मीटर खोल असल्याने ती जागा नवशिक्यांची नव्हे. जून ते सप्टेंबर मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असतो. पावसाळ्यानंतर गाळ बसायलाही वेळ लागतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातही पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात प्रवाह तळ ढवळून काढतो; अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी संथ असते. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, त्यामुळे कान मोकळे करत सावकाश उतरावे आणि श्वास कधीही रोखू नये. प्रवाळावर पाय मुळीच टेकू नये: दगडी प्रवाळाच्या अनेक जाती वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात.